पाकिटावरच्या कॅलरी ताडून कशा पाहायच्या?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॅलरी मोजून खाणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी सातारा-सांगली भागातून जास्त आली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच: पाकिटावर छापलेला आकडा आणि आपण मांडलेला हिशोब यांचा मेळ बसत नाही. पहिलं उत्तर बरंच लांबलं आहे, पण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच असल्याने ते सोडून पुढे जाऊ नका.

प्रश्न : इथल्याच एका दुकानातून भडंगाचं पाकीट आणलं. मागे 100 ग्रॅमसाठी छापलंय: एनर्जी 364 किलोकॅलरी, प्रोटीन 9 ग्रॅम, कार्बोहायड्रेट 58 ग्रॅम, टोटल फॅट 24 ग्रॅम. तेलात परतलेलं, शेंगदाणे घातलेलं भडंग आणि कॅलरी मात्र साध्या पिठाएवढ्या? मी रोज संध्याकाळी 50 ग्रॅम खाते. (विश्रामबाग, सांगली)

शंका अगदी रास्त आहे. लेबल तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर पुरतं. एक ग्रॅम प्रोटीनचे 4, एक ग्रॅम कार्बोहायड्रेटचे 4 आणि एक ग्रॅम फॅटचे 9 किलोकॅलरी धरायचे. कंपन्याही एनर्जीचा आकडा साधारण याच गुणाकारातून काढतात.

तुमच्या पाकिटाचं करून पाहू. प्रोटीन 9 गुणिले 4 म्हणजे 36. कार्बोहायड्रेट 58 गुणिले 4 म्हणजे 232. फॅट 24 गुणिले 9 म्हणजे 216. बेरीज 484. छापलंय 364. फरक 120 किलोकॅलरींचा. दोन-चार टक्क्यांचा फरक आकडे पूर्णांकात केल्याने पडतो, तो सोडून द्यायचा. दहा टक्क्यांच्या पुढे गेला की थांबायचं. हा तर पाव हिस्सा कमी आहे.

आता फॅटलाही 9 ऐवजी 4 ने गुणून पाहा: 36 अधिक 232 अधिक 96, म्हणजे बरोबर 364. हा योगायोग वाटत नाही. तक्ता करणाऱ्याने तिन्ही घटकांना एकाच आकड्याने गुणलं असावं. लहान उत्पादकांच्या लेबलांवर अशा चुका सापडतात. फॅट कमी असलेल्या पदार्थात त्या झाकून जातात, तेलकट पदार्थात लगेच उघड्या पडतात.

पण एनर्जीचा आकडा चुकला की फॅटचाच चुकला, हे कसं ठरवायचं? त्यासाठी दोन पडताळे आहेत. पहिला बेरजेचा. प्रोटीन, कार्बोहायड्रेट आणि फॅट मिळून 100 ग्रॅमच्या वर जाता कामा नये आणि कोरड्या, कुरकुरीत पदार्थात फार खालीही राहता कामा नये. तुमची बेरीज 91 आहे. उरलेल्या 9 ग्रॅममध्ये पाणी, मीठ, खनिजं आणि वेगळे मोजले असतील तर तंतू. चालेल. हीच बेरीज 70 आली असती, तर भडंग सादळलेलं आहे किंवा आकडा चुकला आहे असं म्हणावं लागलं असतं.

दुसरा पडताळा पाककृतीचा. अर्धा किलो चुरमुरे, 150 ग्रॅम शेंगदाणे, 125 ग्रॅम तेल, 25 ग्रॅम पिठीसाखर, आणि लसूण-तिखट-मीठ मिळून आणखी 25 ग्रॅम असं घरचं प्रमाण धरा. चुरमुऱ्यांचे 100 ग्रॅमला सुमारे 350 प्रमाणे 1750, शेंगदाण्यांचे 520 प्रमाणे 780, तेलाचे 1125, साखरेचे 100. एकूण 3755 किलोकॅलरी, माल 825 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅमला 455. फॅट पाहा: तेलाचे 125 आणि शेंगदाण्यांतले सुमारे 60 मिळून 185 ग्रॅम, म्हणजे 22 टक्के. लेबलवरचे 24 त्याच्या जवळच आहेत. तेव्हा फॅटचा आकडा खरा मानायचा, एनर्जीचा खोडायचा आणि वहीत 484 लिहायचं. रोजच्या 50 ग्रॅमला तुम्ही 182 धरत होता, ते 242 आहेत.

पाकिटावर ग्राहक सेवेचा फोन असतो. तिथे हा गुणाकार तसाच वाचून दाखवा, बॅच नंबरसह. उत्तर नाही मिळालं तर 14 अंकी परवाना क्रमांक टिपून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा एफएसएसएआयकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो ठेवा. रिकामं पाकीट फेकून दिल्यावर तक्रारीत काही दम राहत नाही.

प्रश्न : तुमचा चार-चार-नऊचा नियम जास्त तंतू असलेल्या बिस्किटांना लागू होत नाही. प्रोटीन 10, कार्बोहायड्रेट 65, त्यात फायबर 22, फॅट 12. माझी बेरीज 408 येते, पाकिटावर 364 आहे. इथेही फसवणूकच का? (इस्लामपूर)

नाही, इथे लेबल बरोबर आहे. फायबर आतड्यात पूर्ण पचत नाही, म्हणून त्याच्या ग्रॅमला 4 ऐवजी 2 धरतात. 65 मधून 22 वजा केले की 43 उरतात, त्यांचे 172. फायबरचे 44. प्रोटीनचे 40, फॅटचे 108. बेरीज 364.

भडंगात हे कारण चाललं नसतं. 120 चा फरक निव्वळ फायबरने भरून काढायचा तर 60 ग्रॅम फायबर लागेल, आणि तिथे सगळं कार्बोहायड्रेटच 58 आहे. छापलेला आकडा तुमच्या बेरजेपेक्षा कमी दिसला की आधी फायबर पाहा, मग 'शुगर-फ्री' पदार्थात माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, एरिथ्रिटॉल यांपैकी काही आहे का ते पाहा. या गोड घटकांना साखरेपेक्षा कमी कॅलरी असतात, एरिथ्रिटॉलला तर शून्य धरतात. या दोन्हींपैकी काहीच नसेल, तरच संशय घ्यायचा.

परदेशी मालात एक खोच आहे. अमेरिकेच्या लेबलवर कार्बोहायड्रेटच्या आकड्यात फायबर धरलेलं असतं. युरोपच्या लेबलवर ते आधीच बाजूला काढून वेगळ्या ओळीत देतात. युरोपातल्या चॉकलेटच्या लेबलवरून तुम्ही पुन्हा फायबर वजा केलंत, तर एकच गोष्ट दोनदा वजा होते. त्याच लेबलवर एनर्जीचे दोन आकडे दिसले आणि एक चारपट मोठा असला, तर तो किलोज्यूलचा आहे. त्याला 4.184 ने भागा.

प्रश्न : फरसाणाच्या पाकिटावर 'प्रति सर्व्ह 5 टक्के' असं लिहिलंय. म्हणजे अख्खं पाकीट खाल्लं तरी दिवसाच्या फक्त 5 टक्केच ना? (कोरेगाव)

नाही. ते 5 टक्के एका सर्व्हचे, म्हणजे एका वेळी खायच्या भागाचे आहेत, आणि सर्व्ह किती ग्रॅमचा ते जवळच बारीक अक्षरात असतं. समजा सर्व्ह 20 ग्रॅमचा, पाकीट 60 ग्रॅमचं आणि 100 ग्रॅमला 520 किलोकॅलरी. एका सर्व्हचे 104, पाकिटाचे 312. टक्केवारी 2000 किलोकॅलरींच्या दिवसावर काढलेली असते. तुमचा दिवस 1500 चा असेल, तर ते पाकीट एक पंचमांशाहून जास्त झालं. मोजणी करणाऱ्याने टक्केवारीचा रकाना पाहूच नये. 100 ग्रॅमचा रकाना आणि काटा, एवढंच बघावं.

प्रश्न : घरची म्हैस आहे, दूध डेअरीला घालतो आणि घरातही तेच पितो. ॲपमध्ये म्हशीचं दूध शोधलं तर एका नोंदीत 97, दुसऱ्या नोंदीत 117. सुट्या दुधाला लेबल कुठलं? खरं काय धरायचं? (वाळवा तालुका)

तुमच्याकडे छापील लेबलपेक्षा चांगला कागद आहे: संकलन केंद्राची पावती. तीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट व पाणी सोडून दुधातला उरलेला घन भाग) दोन्ही असतात. फॅटला 9 ने गुणा. एसएनएफमधून 0.8 वजा करा, कारण तेवढी खनिजं असतात आणि खनिजांना कॅलरी नसतात. उरलेलं म्हणजे प्रोटीन आणि दुधातली साखर, त्याला 4 ने गुणा.

फॅट 7.2 आणि एसएनएफ 9.1 लागलं असेल तर: 7.2 गुणिले 9 म्हणजे 65, आणि 8.3 गुणिले 4 म्हणजे 33. मिळून 100 ग्रॅमला 98. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने 100 मिलिलिटरला साधारण 101. हीच रीत पिशवीच्या टोण्ड दुधाला लावून पाहा. त्यात फॅट 3 आणि एसएनएफ 8.5 असावं लागतं. उत्तर 58 येतं, आणि पिशवीवरही त्याच्या आसपासचाच आकडा सापडेल.

एका पावतीवर विसंबू नका. सकाळ-संध्याकाळच्या दुधात फरक पडतो, आणि म्हैस आटत आली की फॅट चढतं. दहा दिवसांच्या बिलावरची सरासरी घ्या.

आता साय. दूध तापवून साय काढत असाल, तर पावतीवरचं फॅट तुमच्या कपात येत नाही. ते किती गेलं हे शोधायची सोपी युक्ती: साठवलेल्या सायीचं तूप कढवलं की त्याचं वजन करा. दहा लिटर दुधाच्या सायीतून 300 ग्रॅम तूप निघालं, तर दर 100 ग्रॅम दुधामागे जवळजवळ 3 ग्रॅम फॅट कमी झालं, म्हणजे 26-27 किलोकॅलरी. 98 चे 71-72 झाले. थोडं फॅट ताकात आणि बेरीत जातं, ते सोडून द्या. तूप मात्र घरातच खाल्लं जात असेल, तर ते ज्याच्या ताटात पडतं त्याच्या हिशोबात धरायला विसरू नका.

प्रश्न : ॲपमध्ये 'ज्वारीची भाकरी, 1 नग' याला कुठे 90, कुठे 210 कॅलरी दाखवतात. पिठाच्या पाकिटावर 349 आहे, तक्त्यात 334. नक्की धरायचं काय? (वाई)

नगावर भाकरी मोजणं आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वाईची भाकरी आणि हॉटेलच्या थाळीतली भाकरी यांच्यात दुपटीचा फरक असू शकतो. भाजलेली भाकरी तोलूनही उपयोग नाही, कारण तिच्यातलं पाणी कमी-जास्त असतं. पाण्याला कॅलरी नाहीत, वजन आहे. कोरडं पीठ तोला.

त्यासाठी पिठाचा डबाच काट्यावर ठेवा. भाकऱ्या करण्याआधीचं वजन लिहा. थापताना लागणारं पीठही त्याच डब्यातून घ्या, परातीत उरलेलं झटकून परत डब्यात टाका, आणि शेवटी पुन्हा वजन करा. 260 ग्रॅम कमी झालं आणि भाकऱ्या चार झाल्या, तर एकीला 65 ग्रॅम पीठ. 334 प्रमाणे 217 किलोकॅलरी. 349 प्रमाणे 227. दहाचा फरक. त्यावर डोकं शिणवू नका. 334 हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यातला आहे, मूळ नोंद किलोज्यूलमध्ये 1398 अशी आहे. ज्वारीत शंभरात दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. ते कुणी कसे धरले यावर आकडा 330 ते 350 मध्ये कुठेही येऊ शकतो.

ॲपमधल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. नोंद निवडताना ती 100 ग्रॅमची आहे की नगाची, कच्च्या मालाची की शिजवलेल्या, कुठल्या देशातली, एवढं पाहा आणि मग तिच्यावरही चार-चार-नऊ चालवा. बारकोड स्कॅन केला म्हणून निर्धास्त होऊ नका. कंपनी पाककृती बदलते, पाकीट लहान करते, पण ॲपमधली नोंद जुनीच राहू शकते. हातातल्या पाकिटाशी पडताळून स्वतःची नोंद एकदाच तयार करून ठेवा आणि नवीन पाकीट आणलं की फक्त चार आकड्यांवर नजर टाका.

रेडी-मिक्सच्या पाकिटांवरही हाच घोळ होतो. उपम्याच्या पाकिटावरचा आकडा कोरड्या मिश्रणाचा आहे की तयार उपम्याचा, हे रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. वरून घातलेलं तूप, दूध किंवा दाणे त्यात नसतात.

प्रश्न : भाजीला चमचाभर तेल घालते, चमचा मोजूनच. तरी वजन हलत नाही. आणि काटा कोणता घ्यावा? (कराड)

चमचा कोणता? मोजमापाचा 5 मिलिलिटरचा चमचा असेल तर तेल साडेचार ग्रॅम, म्हणजे 41 किलोकॅलरी. 15 मिलिलिटरचा असेल तर 122. फोडणीच्या पळीत किती मावतं हे पळी पाहूनच कळेल, आणि ती काठोकाठ भरलेली की अर्धी, हेही. शेंगदाण्याच्या कुटाचंही असंच. दहा ग्रॅमला 52 किलोकॅलरी, आणि डोंगर केलेला पोह्याचा चमचा सपाट चमच्याच्या दुप्पट भरतो. तेल आणि कूट या दोन गोष्टी तोलल्या, तर बाकी भाजी ढोबळ धरली तरी फारसं बिघडत नाही. गवारीचे दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर काय फरक पडणार?

काटा पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमच्या फरकाचा पुरे. सपाट ओट्यावर ठेवा, आणि आकडे नाचायला लागले की सेल बदला. असे काटे चार-पाच ग्रॅमच्या आत नीट दाखवत नाहीत, म्हणून रिकाम्या वाटीत तेल ओतून तोलू नका. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवा, टेअर दाबून शून्य करा, बाटली उचलून कढईत तेल घाला आणि बाटली परत ठेवा. काट्यावर वजाचं चिन्ह लावून जो आकडा येईल, तेवढं तेल गेलं. काटा बरोबर आहे का हे पाहायला दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. 77 ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं.

तेलाच्या पिशवीवरही एक बारीक गोष्ट पाहा. 100 ग्रॅमला 900 आणि 100 मिलिलिटरला सुमारे 820, दोन्ही बरोबर असतात, कारण एक लिटर तेलाचं वजन 910 ग्रॅमच्या आसपास भरतं. मिलिलिटरचा आकडा घेऊन ग्रॅमने गुणलं की दर वेळी जवळजवळ नऊ टक्के तेल कागदावरून गायब होतं.

प्रश्न : बिस्किटांच्या पुड्यावर 100 ग्रॅम, काट्यावर निव्वळ बिस्किटं 106 ग्रॅम. मग कॅलरी 106 च्या धरायच्या का? (मिरज)

हो. खाल्लेल्या ग्रॅमच्याच धरायच्या. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या वजनमाप नियमांत 50 ते 100 ग्रॅमच्या पुड्याला साडेचार ग्रॅमपर्यंत आणि 300 ते 500 ग्रॅमच्या पुड्याला 3 टक्क्यांपर्यंत चूक चालते. पुडा कमी भरला तर कारवाई होते, म्हणून कारखानदार हात थोडा सैलच ठेवतो. ग्राहकाचा फायदा, मोजणाऱ्याची पंचाईत.

प्रश्न : साताऱ्याचे कंदी पेढे सुटे घेतो, त्याला लेबल नसतं. अंदाज कसा बांधायचा? (सातारा)

खव्यापासून बांधायचा. म्हशीच्या दुधाच्या खव्याला 100 ग्रॅममागे साधारण 420 किलोकॅलरी धरतात. एक किलो खव्याला पाव किलो साखर धरली तर 4200 आणि 1000 मिळून 5200. कंदी पेढ्याचा खवा चांगला भाजलेला असतो, त्यामुळे पाणी उडून माल सव्वा किलोचा 1150 ग्रॅमच्या आसपास राहतो असं समजा. म्हणजे 100 ग्रॅमला 450. साखर कमी-जास्त केली तरी आकडा फारसा हलत नाही, कारण साखर 400 ची आणि खवा 420 चा. फरक पडतो तो भाजण्याने आणि पेढ्याच्या आकाराने. पाव किलोत किती पेढे बसतात ते दुकानातच मोजा. बारा बसले तर एक 21 ग्रॅमचा, सुमारे 95 किलोकॅलरी. दहाच बसले तर 25 ग्रॅमचा, 112 च्या पुढे.

प्रश्न : बेदाण्याच्या पाकिटावर ॲडेड शुगर शून्य, आणि त्याच्याच वर टोटल शुगर साठच्या पुढे. यातलं खोटं कोणतं? (तासगाव)

दोन्ही खरे आहेत. ती साखर द्राक्षाचीच आहे, पाणी उडाल्याने दाटलेली. कॅलरी मोजताना टोटल शुगरही वेगळी धरायची नाही, ती कार्बोहायड्रेटच्या आकड्यात आलेलीच असते. बेदाण्याला 100 ग्रॅममागे 300 किलोकॅलरी धरा, 30 ग्रॅमला 90. मूठभर म्हणून घेतलेले एकदा काट्यावर टाकून पाहा आणि मग ठरवा की तुमची मूठ किती ग्रॅमची आहे.